दोन किल्ले, एक बेसमेंट : मिडीव्हल मॅडनेस, मूळ आणि रीमेक

शनिवार, ६ जानेवारी २०२४

दुपारी साडेतीनला मिडीव्हल मॅडनेस या पिनबॉल मशीनचा रीमेक, म्हणजे जुन्यावरून नव्याने बनवलेली नक्कल, एकदाचा जिन्यावरून खाली आला. पाय काढले, मागचा दिव्यांचा पेटारा पुढे दुमडून पट्ट्याने आवळला आणि चौघांनी मिळून पायरी पायरीने उतरवला. शंभर किलोच्या वरचं धूड आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहणाऱ्या मित्राच्या बेसमेंटची फरशी उखडली आहे, मार्चपर्यंत काम चालणार. "तोवर तुझ्याकडे राहू दे रे, निदान कुणीतरी खेळेल," म्हणाला. माझ्याकडे मूळ मशीन आहे हे त्याला ठाऊक आहेच. आता दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत, मधे जेमतेम एक हात अंतर.

पाच वर्षांपूर्वी मी मूळ मशीन घेतलं तेव्हापासून लोक मला विचारतात, नवा रीमेक मिळत असताना जुनं कशाला घेतलंस? त्याला विचारतात, खरं सोडून नक्कल का घेतलीस? आम्ही दोघंही इतकी वर्षं नुसती मतंच देत आलोय. एक छप्पर, एकच वीजजोडणी आणि दहा आठवडे अशी संधी पुन्हा मिळायची नाही, म्हणून ही वही.

आधी कुळकथा. मिडीव्हल मॅडनेस विल्यम्स कंपनीने इथे शिकागोत केलं, जून १९९७ मध्ये. रचना ब्रायन एडी यांची, प्रोग्रॅम लायमन शीट्स यांचा, चित्रं जॉन यूसी आणि ग्रेग फ्रेरेस यांची. एकूण ४,०१६ मशिनं निघाली. ऑक्टोबर १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचा धंदाच बंद केला, त्यामुळे तो आकडा तिथेच थांबला. मागणी मात्र वाढतच गेली आणि बऱ्या अवस्थेतलं मशीन दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं. मग प्लॅनेटरी पिनबॉल कंपनीकडे असलेल्या हक्कांच्या आधारे शिकागो गेमिंगने २०१५ पासून रीमेक द्यायला सुरुवात केली. पहिली मर्यादित आवृत्ती १००० मशिनांची होती. शिकागो गेमिंग म्हणजे सिसरो गावातल्या चर्चिल कॅबिनेटची शाखा, आणि चर्चिल म्हणजे अशा मशिनांचे लाकडी पेटारे बनवण्यात हयात घालवलेला कारखाना. नक्कल करणारे परके नाहीत, एवढं मनाशी धरून मी सुरुवात करतोय.

आज एवढंच: दोन्हीचा उतार साडेसहा अंशांवर आणला. दोन्हींत चार-चार नवे पोलादी बॉल टाकले, प्रत्येकी २७ मिमी व्यासाचे, ८० ग्रॅमचे. काचा पुसल्या.

रविवार, ७ जानेवारी

प्रत्येकी वीस डाव. पहिल्या पाच डावांतच फरक हाताला कळला.

मूळ मशीन मऊ खेळतं. बॉल फ्लिपरवर, म्हणजे बटण दाबलं की उचलून त्याला टोलवणाऱ्या छोट्या दांडीवर, येऊन विसावतो, दाबला की निघतो, पण घाई नसते. रीमेक कडक. बटण दाबायचा अवकाश, बॉल किल्ल्यावर आदळलेला असतो. तिकडे नेम थोडा चुकला तरी बॉल वेगाने परत अंगावर येतो आणि दोन फ्लिपरांच्या मधून खाली जातो.

वहीत लिहून खाली रेघ मारली: "मूळ मशीनच्या हातात गोडवा आहे. रीमेकमध्ये तो आला नाही." दोन दिवसांत उत्तर मिळालं असं वाटतंय.

शनिवार, १३ जानेवारी

कालपासून बर्फ. बाहेर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दोन्हींची प्लेफील्डं, म्हणजे बॉल ज्यावर फिरतो ते फळे, उचलून टेकवून ठेवली आणि खालची बाजू पाहिली.

वरून पाहिलं तर जुळे भाऊ. खालून पाहिलं की एकाच घरातले वाटत नाहीत. मूळ मशीनच्या पोटात तारांच्या मनगटाएवढ्या जुड्या आहेत. आठ ओळी गुणिले आठ स्तंभ अशी स्विचांची जाळी, तशीच आठ बाय आठची दिव्यांची. प्रत्येक दिव्याला स्वतःचं होल्डर, स्वतःचा डायोड, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांच्या दोन तारा. कुणीतरी बाईने किंवा माणसाने फळीवर खिळे ठोकून त्यांभोवती हे तारांचं झाड हाताने गुंफलं असणार. मागच्या पेटाऱ्यात २ मेगाहर्ट्झचा ६८०९ प्रोसेसर. आजच्या मानाने काहीच नाही, पण चार बॉल, दोन राक्षस आणि एक किल्ला तो बिनतक्रार सांभाळतो.

रीमेकच्या पोटात छोटे छोटे सर्किट बोर्ड आहेत, दिवे त्यांवरच बसवलेले, आणि बोर्डांना जोडणाऱ्या मोजक्या तारा. वर एक लहानसा एआरएम संगणक. तो १९९७चाच प्रोग्रॅम चालवतो, जुन्या प्रोसेसरचं सोंग घेऊन. म्हणजे नियम, गुण, कुठला दिवा कधी लागणार, राजकन्या कधी काय बोलणार, सगळं अक्षरशः शीट्स यांनी लिहिलेलंच. तुलना करताना हे फार सोयीचं. खेळाचं डोकं दोन्हीकडे एकच आहे. जो काही फरक असेल तो हातापायांत, डोळ्यांत आणि आवाजात.

हे पाहताना सांगलीच्या आजोळचं बॅगाटेल आठवलं. मे महिन्यात पलंगाखालून निघायचं. हिरवा फळा, अर्धवर्तुळात ठोकलेले खिळे, छर्ऱ्यासारख्या गोळ्या, ढकलायला लाकडी काडी. पिनबॉल त्याच बॅगाटेलमधून निघालं. नावातली 'पिन' म्हणजे ते खिळेच. मामा एक खिळा जरासा वाकवून ठेवायचा, आणि हजाराचा कप्पा फक्त त्याच्याच गोळीला सापडायचा. एका खिळ्याने सबंध खेळ बदलतो, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. बाहेर उणे वीसच्या आसपास, आणि ऑफिसला सुट्टी. मित्र आणि वहिनी तिळगूळ घेऊन आले. गुळाच्या पोळ्या झाल्यावर सगळे खाली.

ठरलं असं, की डोळे बांधून ओळखायचं. मित्राच्या डोळ्यांवर ओढणी बांधली, दोनदा गरगर फिरवलं आणि एका मशीनपुढे उभं केलं. बोटं बटणांवर. दोनदा फ्लिपर वाजवून म्हणाला, "हे माझं." बरोबर. आवाजावरून ओळखलं, रीमेकच्या फ्लिपरचा ठोका सुटसुटीत पडतो, माझ्याकडे ठोक्याच्या मागे एक बारीक खडखड असते. ही खडखड इतकी वर्षं मी ऐकत होतो आणि तिला मशीनचा स्वभाव समजत होतो.

मग लेक आली. अकरा वर्षांची आहे. "काका, मला जास्त फिरवा." फिरवलं. तिने बटणांना हातही लावला नाही. वाकली, नाणं टाकायच्या दाराजवळ नाक नेलं आणि म्हणाली, "हे बाबाचं." पुन्हा फिरवलं, पुन्हा बरोबर. जुन्या मशीनला वास आहे म्हणे. मीही वाकून घेतला. तापलेल्या बल्बवरची धूळ, गरम वार्निश, थोडंसं यंत्राचं तेल. रीमेकला अजून नव्या लाकडाचा वास येतो.

रविवार, २१ जानेवारी

हाताला वाटतं ते खरं किती, हे मोजायचं ठरवलं. फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रं घेता येतात. स्टँड छताच्या तुळईला बांधला. उजव्या फ्लिपरवर बॉल थांबवायचा आणि किल्ल्याच्या पुलावर मारायचा. फ्लिपरवरून सुटल्यापासून पुलाला लागेपर्यंत किती चित्रं, ते मोजायचं. स्वच्छ लागलेले दहा फटके धरायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

रीमेक: बहुतेक फटके ३५ ते ३७ चित्रांत.
मूळ: ४१ पासून ४८ पर्यंत.

मूळ मशीन हळू आहे हे अपेक्षितच होतं. पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच गोष्टीत. मूळ मशीनचे दहा फटके एकमेकांशी जुळतच नाहीत. रीमेक सारखा मारतो. मूळ कधी असं, कधी तसं. स्वभाव मऊ असता तर प्रत्येक फटका सारखाच मऊ पडला असता.

आधी वीज तपासली. मूळ मशीनमधला, फ्लिपर उचलणाऱ्या कॉइलचा पुरवठा साध्या ट्रान्सफॉर्मरवरून येतो, त्याला नियंत्रण नाही. भिंतीत जेवढे व्होल्ट, त्या प्रमाणात फटक्याचा जोर. भिंतीत ११८ व्होल्ट भरले, तिथे काही बिघाड नाही. मग फ्लिपरच उघडावे लागणार.

शनिवार, २७ जानेवारी

आजची नोंद सविस्तर लिहितो.

उजवा फ्लिपर सोडवला. कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचं रीळ. तिच्या पोकळीत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह. नळीत पुढेमागे धावणारा लोखंडी दांडा, प्लंजर. कॉइलमध्ये वीज गेली की दांडा आत खेचला जातो, टोकाच्या थांब्यावर आदळतो आणि फ्लिपर उचलला जातो.

नळी बाहेर काढताना बोटं काळी झाली. मुळात पांढरी असते. ही आतून राखाडी, एका अंगाने झिजून अंडाकृती झालेली. दांड्याचं टोक थांब्यावर लाखो वेळा आपटून अळंबीच्या टोपीसारखं पसरलं होतं, आणि ती पसरलेली कड नळीला आतून ओरबाडत होती. खडखड ती हीच. दांडा कधी सरळ जायचा, कधी कडेला घासत जायचा, म्हणून दहा फटके दहा तऱ्हेचे. थांब्यावरही खड्डा. फ्लिपर ज्या बुशिंगमध्ये फिरतो ते एवढं सैल, की फ्लिपरचं टोक बोटाने वरखाली हलत होतं. फ्लिपर पूर्ण उचलल्याचं संगणकाला सांगणारा स्विच वाकून संपर्कच सोडून बसला होता. डावा उघडला, तोही तसाच, थोडा कमी.

काळजीपूर्वक सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. ७ जानेवारीची ती रेघ मारलेली ओळ चुकीची होती. ज्याला मी गोडवा म्हटलं ती झीज होती. मी १९९७ची तुलना २०१५शी करत नव्हतो. सव्वीस वर्षं राबलेल्या मशीनची तुलना चार वर्षं घरात जपलेल्या मशीनशी करत होतो. आणि मला वाटतं बहुतेक लोक हेच करतात. बारमध्ये, कॉलेजच्या कँटीनमध्ये जे मशीन खेळलो त्याची आठवण म्हणजे मूळ, असं धरून चालतात. ते मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा कसं होतं हे फार थोड्यांच्या हाताला माहीत आहे.

संध्याकाळी एका निवृत्त तंत्रज्ञांना फोन केला. नव्वदच्या दशकात इथल्या बारमधली मशिनं सांभाळायचं काम ते करत. त्यांनी लगेच सांगितलं की खोक्यातून नवीन निघालेलं मिडीव्हल मॅडनेस चांगलंच दणकट मारायचं. पुलावर बसलेला फटका खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.

सुटे भाग मागवले.

रविवार, ४ फेब्रुवारी

दोन्ही फ्लिपर नव्याने बांधले: नळ्या, दांडे, दुवे, थांबे, स्प्रिंगा, बुशिंग, स्विच. कॉइल जुन्याच ठेवल्या. तार शाबूत आहे, मोजून पाहिली. नवीन नळी पहिल्यांदा उलटी बसली, काढून पुन्हा बसवली. फ्लिपर आणि प्लेफील्डमध्ये पातळ पट्टी जाईल एवढी फट ठेवली. त्यापेक्षा कमी ठेवली तर घासतो.

पुन्हा कॅमेरा.

मूळ: ३६, ३७, ३७, ३६, ३८, ३७, ३६, ३७, ३८, ३७.

रीमेकच्या इतकं जवळ, की हाताला फरक कळणं कठीण. खडखडही गेली. बायको वरून म्हणाली, "अहो, दोन्ही एकदम चालू आहेत का?" एकच चालू होतं, माझं.

दिवसभर त्यावर खेळलो. खरं सांगायचं तर पहिला तासभर हुरहूर वाटली. पाच वर्षांची सवय होती हाताला. मग बॉल मशीनवरच्या 'शेतकऱ्यांच्या' चढावरून एकदाही न अडखळता वर गेला, सलग सहा वेळा. मशीनला जे करायचं होतं ते आता ते करतंय.

शनिवार, १० फेब्रुवारी

हातापायांचा हिशेब मिटला. आता डोळे.

खोलीतले दिवे बंद करून दोन्हींपुढे आलटून पालटून उभा राहिलो. मूळ मशीनमध्ये तापणाऱ्या तारेचे छोटे काचेचे बल्ब आहेत. त्यांचा उजेड पिवळा, निरांजनासारखा. किल्ल्याच्या दगडी भिंतीवर तो पडला की दगड उबदार वाटतो. राक्षसांचं लाल तपकिरीकडे झुकतं, निळा रंग मात्र मरतो. बल्ब विझताना तार क्षणभर लालसर रेंगाळते. रीमेकचे एलईडी स्वच्छ आहेत. तिथे मी पहिल्यांदाच पाहिलं, की ड्रॅगनच्या अंगावर हिरव्याच्या किमान तीन छटा आहेत. माझ्या मशीनवर पाच वर्षांत मला एकच दिसली होती.

चित्रकारांनी रंगवलं ते कुठल्या उजेडासाठी? यंत्रात पिवळे बल्ब असणार हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे इथे मी मूळच्या बाजूने आहे. पण याच बल्बांच्या उष्णतेने माझ्या मशीनवरचे छापील प्लास्टिकचे दोन तुकडे वाकले आहेत, एकाची कड तपकिरी झाली आहे. हवी ती ऊब घ्यायची तर चित्र थोडं थोडं जळतं. दिवे बदलायचे का, यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. सध्या तरी प्लास्टिकखालचे तेवढे बदलून पिवळसर एलईडी लावले, बाकीचे बल्ब तसेच.

शनिवार, १७ फेब्रुवारी

डिस्प्ले आणि आवाज. मूळ डिस्प्ले म्हणजे १२८ बाय ३२ ठिपक्यांचं वायू भरलेलं काचेचं पॅनेल, शंभराहून अधिक व्होल्टवर पेटणारं, नारिंगी. रीमेकमध्ये तेच ठिपके एलसीडीच्या पडद्यावर रंगवलेले आहेत. दहा फुटांवरून सारखे. जवळ गेलं की मूळ ठिपका स्वतः जळतोय हे दिसतं. मला मूळ आवडतो, पण ही काच कधीतरी दगा देणार हे निश्चित.

आवाज मूळचा मोनो. खेळातल्या राजकन्यांपैकी काहींचे आवाज अभिनेत्री टीना फे यांचे. त्या तेव्हा शिकागोच्या सेकंड सिटी नाट्यमंडळीत होत्या. रीमेकच्या स्पीकरवर त्यांचा प्रत्येक शब्द सुटा कळतो. लेकीला एक वाक्य आज पहिल्यांदा समजलं आणि ती बराच वेळ हसत होती. आवाजात रीमेक पुढे. यावर फार विचार करावा लागला नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

किल्ला. या खेळाचा जीव इथे आहे. पुलावर फटके मारायचे, साखळीचा पूल खाली येतो. मग लोखंडी फाटकावर मारायचं, ते वर उचललं जातं. मग उघड्या दारातून बॉल आत घालायचा, आणि बुरूज थरथरून कलतात. असे एकामागून एक सरदार, शेवटचा किंग ऑफ पेन.

जो भाग मारण्यासाठीच केला आहे, तो मोडतो. माझ्या मशीनचं फाटक आधीच्या कुणी मालकाने डाग लावून जोडलं होतं. पाच वर्षं तसंच चालवलं. आज त्या जागी नवं बसवलं, आणि हे नवं मिळालं ते रीमेकमुळे. १९९९ नंतर या मशीनचे खास भाग दुर्मीळ होत चालले होते. रीमेकसाठी पुन्हा साचे उभे राहिले, भाग पुन्हा निघू लागले आणि ते जुन्या मशिनांनाही लागतात. शेजारी रीमेक उघडा ठेवला, त्यातलं फाटक कसं टांगलंय ते पाहिलं आणि तसंच माझं टांगलं. स्क्रूची भोकं जुळली.

मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "बघ, धाकट्याने थोरल्याला औषध आणून दिलं."

रविवार, ३ मार्च

बाकीच्या रीमेकबद्दल थोडक्यात, कारण लोक विचारतात. अटॅक फ्रॉम मार्स (१९९५, ३,४५० मशिनं) आणि मॉन्स्टर बॅश (१९९८, ३,३६१) यांचेही रीमेक शिकागो गेमिंगने काढले. दोन्हींचे प्रोग्रॅम शीट्स यांचेच. तिथे माझा अनुभव पाच-दहा डावांपलीकडे नाही, म्हणून मत देत नाही.

कॅक्टस कॅनियनची गोष्ट मात्र वेगळी. १९९८ मध्ये त्याची फक्त ९०३ मशिनं निघाली आणि प्रोग्रॅम अपुरा असतानाच काम थांबवलं गेलं. २०२१ च्या रीमेकमध्ये खेळ पुढे नेला गेला, आणि त्या कामात शीट्स होते. जानेवारी २०२२ मध्ये ते गेले. तिथे मूळ चांगलं की रीमेक, हा प्रश्न मला पटत नाही. मूळच पुरं झालं नव्हतं.

शनिवार, ९ मार्च

सीपीयू बोर्डवरच्या तीन पेन्सिल सेलपैकी एकाच्या टोकाला पांढरी पूड दिसली. बोर्ड अजून शाबूत आहे. सेल काढले, व्हिनेगरने पुसून मग स्वच्छ केलं आणि सेल न लागणारी मेमरी चिप बसवली. लेकीचे विक्रम त्यात पुसले गेले. तिला आधी विचारलं होतं. तिने कागदावर लिहून घेतले आणि तो कागद काचेखाली, नियमांच्या कार्डाच्या जागी ठेवला.

शनिवार, १६ मार्च

मित्राची फरशी झाली. आज रीमेक परत गेला.

त्याआधी दोघांनी शेवटचे दहा डाव खेळले, मशिनं अदलाबदल करत. त्याने माझ्या मशीनवर उजव्या फ्लिपरने पुलावर पहिला फटका मारला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. "काय केलंस याला? हे तर माझ्यासारखं मारतंय." मी खोक्यातून जुनी नळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडात धरली, आतली काळी भिंत पाहिली, करंगळी घालून फिरवली.

"हे माझ्याही मशीनचं होणार ना?"

"होणार. तू रोज खेळलास तर आठ-दहा वर्षांत."

नव्या नळ्यांचा एक जोड मी जास्तीचा मागवला होता, तो त्याला दिला. त्याने पेटाऱ्याच्या तळाशी टेपने चिकटवला आणि टेपवर तारीख लिहिली. मग पाय काढले, डोकं दुमडलं, पट्टा आवळला. जिन्याच्या वळणावर लेकीने कोपऱ्याला उशी धरली.

खाली गालिच्यावर चार पायांचे चार खड्डे राहिलेत. उद्या माझं मशीन तिथे मधोमध सरकवायचं आणि उतार पुन्हा मोजायचा.